करंगळीचं काम

"करंगळीला रजा दिलीस वाटतं," नेरिडा म्हणाली. ती ब्रॉनविनच्या खुर्चीमागे उभी होती, एका हातात कॉफीचा कप, दुसऱ्या हाताने गळ्याचा ओला स्कार्फ सोडवत. पडद्यावर नव्या खेळाची बटणांची मांडणी उघडी होती. कीबोर्डचं साधं रेखाचित्र, आणि ज्या बटणाला काही काम दिलेलं असेल ते निळं. "बघ ना. चालणं नेहमीच्या चार बटणांवर, ठीक. धावणं स्पेसवर, म्हणजे अंगठा. वाकणं सीवर, उचलणं ईवर, दिवा एफवर, सगळी तर्जनीची हमाली. उडी माउसवर. आणि डावीकडचा हा अख्खा पट्टा कोरा. शिफ्ट नाही, कंट्रोल नाही, टॅब नाही. करंगळी बिचारी घरी बसून पेन्शन खातेय." ब्रॉनविन हसली. हसायला जेवढा वेळ लागायला हवा त्याहून जरा जास्त लागला, हे तिचं तिलाच जाणवलं. "असं सोयीचं पडतं," ती म्हणाली. नेरिडाने स्कार्फ हीटरवर पसरला. स्टुडिओ तिचा होता, जागेचं भाडं तिच्या नावावर होतं, आणि कौतुक करताना ती नेहमी पाठ फिरवून करायची. "मला आवडलं. हाताला मऊ वाटतं. शुक्रवारी हेच पक्कं करून टाकू, पुढच्या आठवड्यात प्रदर्शनाला हीच मांडणी जाईल," असं म्हणून ती आपल्या टेबलाकडे गेली. कप तसाच ब्रॉनविनच्या टेबलाच्या कडेवर राहिला, त्यातून वाफ येत होती, आणि ब्रॉनविन त्या वाफेकडे पाहत राहिली, कारण पडद्याकडे पाहवेना.

तिने हे केलं होतं आणि तिला ते माहीत नव्हतं. इस्टरनंतर तिने एकेक बटण हलवलं होतं आणि प्रत्येक वेळी कारण होतं. शिफ्टवरचं धावणं काढलं, कारण स्वस्त कीबोर्डांवर शिफ्ट जड असतं आणि पुन्हापुन्हा दाबलं की विंडोज मध्येच प्रश्न विचारायला लागतं. कंट्रोलवरचं वाकणं काढलं ते जुन्या फटक्यामुळे. फार पूर्वी त्यांचा एक खेळ ब्राउझरमध्ये चालायचा, त्यात वाकणं कंट्रोलवर होतं आणि पुढे जाणं डब्ल्यूवर. जो खेळाडू वाकून पुढे सरकायचा त्याची खिडकीच बंद व्हायची, कारण ब्राउझरच्या लेखी त्या दोन बटणांचा तेवढाच अर्थ. आपण महिनाभर खेळलो आणि आपल्या लक्षात आलं नाही, कारण आपल्यातलं कुणी कधी वाकलंच नाही, ही गोष्ट ख्रिसमसच्या जेवणाला अजून सांगितली जायची. टॅबवरचा नकाशा हलवला, त्यालाही कारण होतं. कारणं सगळी खरी होती, एखाद्या सभेत उभं राहून सांगता आली असती. पण निळ्या रंगात एकत्र पाहिली की ती एका हाताची आकृती होत होती, आणि त्या हाताला चारच बोटं होती.

आणि ते वाक्य तिचं नव्हतं. असं सोयीचं पडतं. जिलाँगच्या मटणाच्या दुकानात, फरशीवर लाकडाचा भुसा, काचेआड लॅम्बच्या बरगड्या ओळीने, आणि तिचे वडील लेन टली हाड सोडवायची अरुंद सुरी मुठीत उलटी धरून उभे. नेहमीच्या गिऱ्हाईक मिसेस कॅपेल म्हणाल्या, काय लेन, आता नवी पद्धत का, आणि बाबा म्हणाले, असं सोयीचं पडतं. मिसेस कॅपेल हसल्या, बाबा हसले, आठवीतली ब्रॉनविन गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून शाळेचं भूगोलाचं काहीतरी रंगवत होती, तीही हसली. मग ॲप्रनची गाठ पाठीमागे न बांधता पुढे बांधणं सोयीचं पडू लागलं. मग आईने चहाची बरणी वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आणली, मग कप, मग बाबांचा दाढीचा साबण, आणि त्या घरात सगळ्या वस्तू हळूहळू कमरेच्या उंचीवर उतरल्या. कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं काही होतं असं कुणाला वाटलंच नसेल, असं ती पुष्कळ वर्षं धरून चालली होती. नंतर, बाबांच्या तोंडाशी दुसऱ्या कुणी पेला धरावा लागायला लागल्यावर, तिला कळलं की आईला पहिल्या बरणीपासून सगळं माहीत होतं. दुखत नव्हतं. डॉक्टर पुन्हापुन्हा हेच विचारायचे, दुखतं का, मुंग्या येतात का, बधिर वाटतं का, आणि बाबा प्रत्येक वेळी चांगली बातमी दिल्यासारखं सांगायचे, नाही, अजिबात नाही.

टेबलाखाली तिने डाव्या हाताचं कोपर उजव्या हाताच्या अंगठ्याने दाबलं, आतल्या बाजूला, हाडाच्या खाचेत, जिथे आपटलं की वीज उठते. तिला ती वीज हवी होती. कोपराशी नस दबली असेल तर करंगळीत मुंग्या येतात. टेबलावर कोपरं टेकून जगणाऱ्या त्यांच्या धंद्यात ते निम्म्या लोकांना होतं आणि पट्टा बांधून बरंही होतं. तिने वाचलं होतं. तिने सगळं वाचलं होतं. बाबांच्या स्नायू गळत जाण्याच्या आजारात हात सहसा अंगठ्याकडून जातो, करंगळीकडची बाजू मागून, हेही वाचलं होतं, आणि त्या 'सहसा'वर ती कितीतरी रात्री झोपली होती. पण बाबांचा अंगठा शेवटपर्यंत टिकला होता. त्याच अंगठ्याने ते दवाखान्यात पांघरुणाची कड चोळत राहायचे. तिने आणखी जोरात दाबलं. वीज उठली, नेहमीची, निरोगी, आणि विझली. मुंग्या नव्हत्या. बधिरपणा नव्हता. कुठेही काहीही दुखत नव्हतं, आणि घामाने तिची पाठ खुर्चीला चिकटली.

खालच्या गालिच्यांच्या दुकानात कुणीतरी गुंडाळी जमिनीवर आपटली, खिडकीची काच थरथरली. सिडनी रोडवरून ट्राम घंटा देत गेली. पर्थला तिचा भाऊ गॅरेथ होता, बाबांचा आजार आईबापांकडून मुलांत उतरणारा, म्हणून त्याने रक्ताची तपासणी करून घेतली होती. एका रविवारी त्याचा फोन आला, तो रडत होता, त्याच्यात ते नव्हतं. तिने अभिनंदन केलं, मुलींना पापा दे म्हणाली, फोन ठेवला आणि मोरीत भांडी घासत राहिली. दोन मुलं, प्रत्येकाची नाणेफेक वेगळी, एकाचा निकाल दुसऱ्याला लागत नाही, एवढं गणित तिला येत होतं. खेळात नशीब कसं वाटायचं हे ठरवणं हे तिचंच काम होतं. तरी तिला आतून एकच वाटलं होतं, की घरात एकच चांगलं नाणं होतं आणि ते गॅरेथने उचललं. तेव्हापासून ती तपासणीला गेली नाही. न गेलेल्या माणसाकडे दोन्ही नाणी असतात.

तिची कामाची रीत या धंद्यात थोडी वेगळी समजली जायची. मांडणी ठरवताना बाकीचे पडदा पाहतात, ब्रॉनविन हात पाहायची. बाहेरची माणसं बोलावून त्यांना खेळायला बसवायची, कोपऱ्यावरचा पाववाला, नेरिडाची सासू, शाळेत रस्ता ओलांडायला मदत करणारा निवृत्त गृहस्थ, आणि स्वतः त्यांच्या बाजूला बुटक्या स्टुलावर बसून फक्त त्यांच्या डाव्या हाताकडे बघायची. मनगट कधी उचलतं, कुठलं बोट शोधत फिरतं, कुठलं अवघडून हवेत राहतं. बहुतेक माणसं मांडणी कधी बदलत नाहीत. आपण जे ठरवून देतो त्यावर ती आपला हात बसवतात आणि शंभर शंभर तास तसाच ठेवतात, म्हणून आपल्या हातावर कधी विश्वास ठेवायचा नाही, असं ती नव्या लोकांना सांगायची. आणि आता प्रदर्शनाला येणारी सगळी माणसं आपापली धडधाकट करंगळी बाजूला ठेवून तिच्या हातासारखा हात करून बसणार होती. तिला दिसलं, रांगेने टेबलं, रांगेने हात, आणि सगळ्यांची करंगळी किंचित वर, कुणाला न कळता. मऊ वाटतं, म्हणणार होती ती सगळी.

जेवणाच्या सुट्टीत बाकीचे खाली गेले तेव्हा तिने धावणं पुन्हा शिफ्टवर आणलं आणि खेळ सुरू केला. एक बाई ओहोटीच्या वेळी खडकांवर शिंपले वेचायला जाते, भरती येते, तिला किनारा गाठायचा असतो. एवढाच खेळ होता. चालत गेलं तर पोचत नाही, धावावं लागतं. ब्रॉनविनने करंगळी शिफ्टवर ठेवली आणि दाबली. बाई धावली. मग चालायला लागली. ब्रॉनविनने पाहिलं, बोट बटणावर होतं. दाबतेय, असं तिचं मन सांगत होतं, दाब जाणवत होता, निदान जाणवल्याची आठवण होती. बाई चार पावलं धावली, पुन्हा चालली, पुन्हा धावली, जणू तिचंच धावायचं की नाही हे ठरत नव्हतं. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं. मागून कुणीतरी म्हणालं, "ही काय फिरायला आलीय का?"

क्वांग होता. खेळातलं बटण दाबल्यापासून बाई हलेपर्यंतचं सगळं त्याने लिहिलं होतं, स्टुडिओत ब्रॉनविनच्याही आधीपासून होता, आणि जेवायला खाली न जाता टेबलावरच कोथिंबीर घातलेला पोर्कचा पाव खायचा. पडद्यावर बाई बुडाली. "मध्येच चालतेय ती," तो घास थांबवून म्हणाला. "शिफ्ट सुटतंय?" ब्रॉनविनने हात मांडीवर घेतला. तेवढ्या वेळात खरं बोलता आलं असतं. "लागतच नाहीये," ती म्हणाली. "मी दाबून धरलंय, पण लागत नाही." क्वांगच्या चेहऱ्यावर काळजी आली आणि तिच्या आत काहीतरी सैल पडलं, लाज वाटावी इतकं सैल. बग. ही कोडमधली चूक असू शकत होती. तो म्हणाला, "सरक," आणि उभ्याउभ्याच खेळला. बाई सरळ धावत किनाऱ्याला गेली. "माझ्यापाशी शहाण्यासारखी वागतेय. तू पुन्हा कर." तिने केलं. बाई बुडाली. "बघ, हा बग फक्त तुझ्याच हातून येतो," क्वांग म्हणाला. "तुझा वेग वेगळा आहे, तू एक बटण सुटायच्या आत दुसरं दाबतेस. बरंय, निदान घडवून दाखवणारं कुणी आहे. नाहीतर हे बग सासऱ्यासारखे, पाहुण्यांसमोर एकदम गरीब."

तो तिचा हात पाहतच नव्हता. त्या खोलीत कुणीच पाहत नव्हतं. सगळे पडद्याकडे बघायचे आणि पडद्यावर जे बिघडतं ते यंत्रात बिघडतं, ही त्यांची इतक्या वर्षांची सवय होती, जवळजवळ श्रद्धा. कीबोर्ड बिघडतो, कोड बिघडतो, तार सैल होते. क्वांगने तिचा कीबोर्ड उलटा करून झटकला, बटणं उपटून स्पिरिटने पुसली, दुसरा आणला, मग स्वतःचा आणला. ब्रॉनविन प्रत्येक वेळी बसायची, दाबायची, बाई बुडायची. एकदा तर तिलाच खरं वाटलं, की हे त्याच्या लिहिण्यातलंच काही आहे, आणि त्या संध्याकाळी ती ट्राममधून हलक्या अंगाने घरी गेली, कांदा परतताना गुणगुणली. मग बरणीचं झाकण उघडताना तिने ती डाव्या काखेत धरली. असं ती कधीपासून करत होती, तिला आठवेना. ओट्यावर तिने नजर फिरवली. मीठ, चहा, तेलाची बाटली. सगळं पुढच्या कडेला, हाताशी, खाली. वरची फळी रिकामी होती. ती एकटी राहत होती. हे आणखी कुणी केलं असणं शक्य नव्हतं. गॅस बंद करून ती दारापर्यंत गेली, जणू कुणी बाहेर उभं असावं, आणि परत आली.

क्वांगची रया दिवसागणिक गेली. पाव अर्धा खाऊन तो कागदात गुंडाळून ठेवू लागला. त्याने आपलं लिहिलेलं ओळ न् ओळ वाचून काढलं आणि त्यात काही सापडलं नाही, आणि काही न सापडण्याने तो जास्तच खचला. "पूर्वी मला चूक नुसती वासाने कळायची," तो तिला म्हणाला, चहाच्या कोपऱ्यात, पिशवी गरम पाण्यात वरखाली करत. "आता समोर बसून माझ्या नाकाला टिचक्या मारतेय आणि मला दिसत नाही. माझी आई विचारते, अजून खेळच करतोस का, खरी नोकरी कधी बघणार. या वयात खरी नोकरी कोण देतंय." ब्रॉनविन म्हणाली, "सोडून दे ना. नाहीतरी धावणं आपण स्पेसवरच ठेवतोय." क्वांगने मान हलवली. "लोक बदलून शिफ्टवर नेतीलच, निम्म्यांना तीच सवय आहे. आणि उद्या स्पेस सुटलं तर? ज्याचं कारण कळलं नाही ते बरं झालंय असं कसं म्हणायचं?" तिने मान खाली घातली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि काही वेगळंच समजून तिच्या खांद्यावर थोपटलं. "तू कशाला तोंड पाडतेस. चूक माझी आहे."

शुक्रवारी नेरिडाने खुर्ची ओढून दोघांच्या मध्ये बसत सांगितलं, की आता पुरे. बाजारात तयार कोड मिळतो, तो दुपारी बसवायचा आणि क्वांगचा काढायचा. "वाईट वाटून घेऊ नकोस, म्हाताऱ्या. प्रदर्शनात लोकांसमोर बाई बुडवायला मला परवडत नाही." क्वांगने मान डोलावली. त्याचे कान लाल झाले होते. नेरिडा उठून चहाच्या कोपऱ्याकडे गेली, तिच्या चमच्याचा आवाज यायला लागला. ब्रॉनविन त्या लाल कानांकडे पाहत होती. तिला वाटलं, आता सांगायला हवं, आणि लगेच वाटलं, सांगितलं की ते होईल. अजून ते झालेलं नाही. अजून ही एक ढिली तार आहे, एक न सापडलेली ओळ आहे. तोंडातून शब्द निघाला की तपासणी, पांढरी खोली, गॅरेथचा फोन, आणि मग कमरेच्या उंचीवरचं घर. एका माणसाचे लाल कान आणि हे सगळं, यांत वजन कशाला, हा प्रश्न तिला पडला, आणि तो पडला याचीही तिला भीती वाटली.

"शेवटचं एकदा," क्वांग म्हणाला. त्याने पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन आणला. "हे रात्री घरी बसून केलं. हा माझ्या कोडच्याही आधी बघतो, थेट कीबोर्ड काय सांगतो ते. शिफ्ट दाबलं गेलं की हिरवा, नाहीतर राखाडी. चौकोन हिरवा असून बाई चालली तर मी गुन्हेगार. स्वतःच्या हाताने काढतो माझा कोड." त्याने खुर्ची तिच्याजवळ ओढली. भरती सुरू झाली. ब्रॉनविनने करंगळी ठेवली. चौकोन हिरवा झाला, आणि राखाडी झाला. "धर," क्वांग म्हणाला. "धरलंय." राखाडी. "घट्ट धर." "घट्टच आहे." चौकोन एकदा हिरवा लुकलुकला आणि राखाडी राहिला. क्वांग पुढे वाकला आणि त्याच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू आलं. "कीबोर्ड सांगतच नाहीये. अगं, कीबोर्डच सांगत नाहीये. माझ्यापर्यंत येतच नाही काही. मी सुटलो." आणि हसत हसत, बटण कुठे अडकतंय ते पाहायला, त्याने पहिल्यांदा नजर पडद्यावरून खाली आणली.

तिची करंगळी बटणावर होती. कडेला, आडवी, पानासारखी. तिच्या मनगटाच्या शिरा ताणलेल्या होत्या, ती सगळं बळ लावत होती, आणि बटण वर होतं. क्वांगचं हसू गेलं नाही, नुसतं थांबलं. त्याने आपलं बोट हळूच तिच्या करंगळीवर ठेवलं आणि दाबलं. बटण खाली गेलं. चौकोन हिरवा झाला आणि हिरवाच राहिला, बाई पाण्यातून उसळून धावत सुटली, खडक, वाळू, किनारा. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. त्याचं बोट गरम होतं. तिच्या हाताला ते गरम लागत होतं, दाब कळत होता, सगळं कळत होतं. "कधीपासून?" त्याने अगदी खालच्या आवाजात विचारलं. "दुखतं का?"

"नाही," ब्रॉनविन म्हणाली. "अजिबात नाही."

चहाच्या कोपऱ्यातून नेरिडाने विचारलं, "सापडलं का काही, की फोन करू त्या लोकांना?" क्वांगने ब्रॉनविनकडे पाहिलं. उत्तर तिच्यावर सोडून तो नुसता बसून राहिला, बोट न उचलता. "सापडलं," ब्रॉनविन म्हणाली. आवाज नेहमीसारखा आला. "क्वांगचा कोड ठीक आहे. इकडे ये, बसून सांगते." नेरिडाने चमचा खाली ठेवला. लाकडी जमिनीवर तिची पावलं वाजू लागली, आणि ती जवळ येत असताना ब्रॉनविनच्या लक्षात आलं, की सांगायची भीती गेली आहे. इतके दिवस ती भीती दारात अंग पसरून उभी होती. आता ती बाजूला झाली, आणि तिच्या मागे जे होतं ते पूर्ण दिसलं.